अंजनेरीचा फुलोरा: निघण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंजनेरीचं पठार ही कुणी लावलेली बाग नाही. तिथे माळी नाही, वाफे नाहीत आणि पाणी मिळतं ते पावसाचं. तरीही दर वर्षी पाच-सहा आठवडे नाशिककरांना याहून चांगली फुलबाग जवळपास सापडत नाही. हंगाम छोटा असल्यामुळे नियोजन चुकलं की नुसतं हिरवं गवत पाहून परतावं लागतं. म्हणून जाणाऱ्यांकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

नेमकं कधी जावं?

तारखेपेक्षा नक्षत्र धरा. मघा संपून पूर्वा लागली की पठार रंगायला लागतं आणि उत्तरा नक्षत्रात बहर भरात असतो. म्हणजे साधारण ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा शेवट. हस्ताच्या पावसात सोनकी तग धरून असते, पण बाकीची फुलं बियांवर आलेली असतात.

फुलं सगळी एकदम येत नाहीत, पाळीपाळीनं येतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर कंदवर्गी झाडं जागी होतात. पांढरी मुसळी आणि दीपकाडी तेव्हाची. जुलैत गवतातून जमिनीवरच्या आमरी, म्हणजे ऑर्किड, डोकावतात. यातल्या एकीला आषाढ आमरीच म्हणतात, कारण ती त्याच महिन्यात दिसते. गालिचा करणारी फुलं त्यानंतर येतात. तेव्हा गर्दी नको आणि वेगळं काही पाहायचं असेल, तर जुलैतला उघडिपीचा एखादा दिवस वाईट नाही. फक्त तेव्हा फुलं शोधावी लागतात.

यंदा फुलं आली आहेत का, हे घरी बसून कसं कळेल?

शहरातल्या पावसावरून अंदाज बांधू नका. नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्र्यंबकच्या बाजूला त्याच्या दुपटी-तिपटीनं. गंगापूर रोडला ऊन असतं तेव्हा अंजनेरी ढगात बुडालेली असू शकते.

दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे ऑगस्टमध्ये त्र्यंबक तालुक्यात पावसानं आठ-दहा दिवसांपेक्षा मोठी उघडीप दिली का? दिली असेल तर उथळ मातीतली छोटी फुलं लवकर उरकतात. दुसरी, गेल्या दोन-तीन दिवसांत थोडं तरी ऊन पडलं का? सलग झड असेल तर कळ्या आहेत तशाच राहतात. झडीनंतर दोन दिवस ऊन पडलं की तिसरा दिवस गाठावा. समाजमाध्यमांवर फिरणारे फोटो मात्र तारीख पाहिल्याशिवाय खरे मानू नका. त्यातले बरेच मागच्या वर्षीचे असतात आणि काही तर साताऱ्याजवळच्या कास पठाराचे.

फोटोत दिसतो तसा गालिचा खरोखर असतो का?

सोनकीचा असतो. तिचे पिवळे पट्टे लांबून दिसतात. काही ठिकाणी तेरड्याचा गुलाबी पट्टाही मिळतो. बाकीची बहुतेक फुलं नखाएवढी किंवा त्याहून लहान असतात आणि उभ्यानं पाहिलं तर गवत वाटतात. नुसता गालिचा पाहायला आलेले लोक अर्ध्या तासात कंटाळून तळ्याकाठी डबा उघडतात. गुडघ्यावर बसून पाहणाऱ्याला दिवस पुरत नाही.

कसं पोहोचायचं?

नाशिक–त्र्यंबकेश्वर रस्त्यावर, नाशिकपासून साधारण २० किलोमीटरवर अंजनेरी आहे. नाण्यांचं संग्रहालय ही ओळखीची खूण. बसनं जायचं तर त्र्यंबकेश्वरची एसटी किंवा सिटीलिंकची (नाशिकची शहर बससेवा) बस घ्या आणि वाहकाला आधीच ‘अंजनेरी फाटा’ सांगून ठेवा. फाट्यावरून गाव आणि गावातून पायथा ही चाल वेगळी मोजा. अर्धा-पाऊण तास सहज जातो. पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं चारचाकी वर नेता येते, पण रस्ता अरुंद आहे आणि शनिवार-रविवारी समोरून गाडी आली की कोंडी होते. रविवारी सकाळी आठनंतर येणार असाल तर गाडी खालीच लावून चालत गेलेलं बरं.

गावात यादवकालीन हिंदू आणि जैन मंदिरांचे अवशेष आहेत. उतरल्यावर अंगात त्राण असेल तर तेही पाहून घ्या.

कोणते दिवस टाळावेत?

श्रावणी सोमवार, त्यातही तिसरा. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी लाखो भाविक त्र्यंबकला येतात, वाहतूक वळवली जाते आणि बस भरून वाहतात. रविवार संध्याकाळचा परतीचा रस्ताही तसाच. शक्य असेल तर मंगळवार ते शुक्रवार निवडा.

२०२७ मध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. सिंहस्थ कुंभमेळ्याची प्रमुख स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरातच येतात, म्हणजे थेट फुलांच्या हंगामात. त्या वर्षी स्नानाच्या तारखांच्या आगेमागे त्र्यंबक रस्त्यानं जाण्याचा विचार सोडून द्या.

चढ किती आहे? सवय नसलेल्याला झेपेल का?

अंजनेरीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे. गाडी पायथ्याशी लावली तर पहिल्या पठारापर्यंत पायऱ्या आणि खडकातली वाट मिळून एक ते दीड तास लागतो. वाटेत जैन लेणं आहे, तिथे दम खाता येतो. पठारावर पोहोचलं की चढ सरतो. पुढे अंजनीमातेचं मंदिर आणि तळं लागतं, मग सीता गुंफेवरून वरच्या टप्प्याला जाणारी वाट.

फुलांसाठी वरच्या टप्प्यावर जायलाच हवं असं नाही. पहिल्या पठारावर पाहण्यासारखं पुष्कळ आहे. जिना चढताना दम लागत नसेल तर इथपर्यंत अडचण येऊ नये. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, कारण ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. अशांनी काठी घ्यावीच.

दिवसाच्या कोणत्या वेळी फुलं चांगली दिसतात?

सकाळी नऊ ते बारा. त्यासाठी नाशिकहून सहा-साडेसहाला निघावं लागतं. आभाळीची निळी-जांभळी झुपकेदार फुलं आणि केन्याच्या कुळातली इतर फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटायला लागतात. दोन वाजता पोहोचलेल्याला त्यांच्या जागी फक्त पानं दिसतात. तुतारीचं उलट आहे. लांब नळीचं हे पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, कारण त्याचं परागण रात्री उडणारे पतंग करतात. पण ते पाहायला थांबलात तर अंधारात उतरावं लागेल. भल्या सकाळी गेलात तर न कोमेजलेलं एखादं सापडतं.

सोनकीला वेळेचं बंधन नाही.

पठारावर काय काय पाहायचं आणि ते कुठे शोधायचं?

आधी जागा ओळखायला शिका, म्हणजे फूल आपोआप सापडतं. पठारावर चार वेगवेगळ्या जागा आहेत आणि प्रत्येकीचं बिऱ्हाड वेगळं.

उघडा कातळ आणि त्यावरचा पातळ ओला थर ही पहिली जागा. इथे माती बोटभरही नसते, पाणी सतत झिरपत असतं. सीतेची आसवं इथेच. जांभळ्या रंगाचं, देठावर झुलणारं हे इवलंसं फूल दिसायला गरीब आणि स्वभावानं मांसाहारी. पाण्यातून वाहून जाणाऱ्या मातीत नत्र टिकत नाही, म्हणून हे झाड मातीखालच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये बारीक जीव पकडून ती उणीव भरून काढतं. दवबिंदूही त्याच गरजेपोटी कीटक खातं. त्याच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. उन्हात ते चमकतात आणि बसलेला किडा सुटत नाही. त्याला बोट लावून पाहण्याचा मोह होतो, तो आवरा. चिकट थेंब पुसला गेला की तेवढं पान शिकारीपुरतं बाद होतं.

दुसरी जागा खळग्यांची. पावसाचं पाणी साचणाऱ्या बशीसारख्या खोलगट भागात गेंद उगवतो. पांढरी गोल बटणं काडीवर खोचावीत तसा दिसतो. खळगा सुकत आला की तो करडा पडतो.

तिसरी जागा गवताळ माळाची, जिथे वीतभर तरी माती आहे. सोनकी, तेरडा, कवला, आभाळी सगळी इथेच. कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात. मुलं त्याला मिकी माऊस म्हणतात आणि एकदा दाखवलं की विसरत नाहीत. कवल्याच्या जातीतली कोवळी पानं पावसाळ्यात रानभाजी म्हणून बाजारात येतात, त्यामुळे आजीला हे झाड पानावरून ओळखू येईल.

चौथी जागा म्हणजे झुडपांच्या कडा आणि कड्याचा उतार. कळलावीची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी वर वळलेली फुलं इथे वेलीवर दिसतात. शोभिवंत आहे पण सगळं झाड विषारी, विशेषतः कंद. लहान मुलांना हात लावू देऊ नका. चवर आणि रानहळद याही अशाच आडोशाला असतात.

कंदीलपुष्प कुठे सापडेल?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्याचं उत्तर आम्ही मुद्दाम अर्धंच देतो.

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. अंजनेरीवर सापडलेल्या एका जातीला याच डोंगराचं नाव मिळालं: सेरोपेजिया अंजनेरिका. तिची शास्त्रीय नोंद २००६ मध्ये मळपुरे, कांबळे आणि यादव यांनी केली. जगात ही जात अतिशय मोजक्या जागी उरली आहे. अंजनेरी २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाली, त्या निर्णयामागे अशा दुर्मीळ वनस्पती आणि कड्यांवरची लांब चोचीची गिधाडं ही मोठी कारणं होती.

या कुळातल्या फुलाची रचना पाहण्यासारखी असते. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. वासाला भुलून बारीक माशी नळीत उतरते. आतले केस खालच्या दिशेनं वळलेले असल्यामुळे तिला वर येता येत नाही. फूल कोमेजू लागलं की केस मऊ पडतात आणि परागकण घेऊन माशी सुटते. फूल हलवलं, वाकवलं किंवा फोटोसाठी भोवतीचं गवत उपटलं तर हा सगळा बेत फसतो आणि त्या वर्षीचं बी गेलं.

नेमकी जागा सांगत नाही याचं कारण एवढंच की सेरोपेजियाचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, हौशी लोक कुंडीत लावायलाही नेतात. कुंडीत ते सहसा जगत नाहीत. तुम्हाला एखादं दिसलं तर लांबून फोटो घ्या आणि जागेचा तपशील कुठेही टाकू नका.

वाट सोडून दोन पावलं आत गेलं तर काय बिघडतं?

पठारावरची माती काही ठिकाणी दोन-चार सेंटिमीटरच आहे, तिच्याखाली थेट बेसॉल्टचा कातळ. पावसाळ्यात ती पाण्यानं तट्ट फुगलेली असते. बूट पडला की माती दबते, दबलेल्या जागेत पाणी मुरत नाही, ते वरून वाहतं आणि वाहताना माती घेऊन जातं. पुढच्या वर्षी त्या जागी कातळ उघडा दिसतो. तिथे पुन्हा माती धरायला किती काळ लागेल हे कातळालाच ठाऊक.

दुसरं नुकसान बियांचं. यातली बरीच झाडं वर्षायू आहेत, म्हणजे पावसाळ्यात उगवतात आणि दिवाळीपूर्वी मरतात. त्यांच्यापाशी पुढच्या वर्षासाठी बी सोडून काही नसतं. फुलावर पाय पडला की तुटतं ते पुढच्या सप्टेंबरचं झाड.

व्यवहारात नियम सोपा आहे. मळलेल्या वाटेवर चाला. फुलाजवळ जायचंच असेल तर उघड्या कातळावरून जा. मात्र कातळावर पाण्याचा ओला थर असेल तर तिथे सीतेची आसवं असतात, तिथूनही नको. चटई, सतरंजी, तंबू पठाराच्या गवतावर पसरू नका. जेवायला मंदिराच्या आवारालगतची जागा बरी.

गौरीसाठी तेरडा आणता येईल का?

नाही. संवर्धन राखीव क्षेत्रातून रोप, फूल, कंद किंवा बी उचलायचं नाही, पूजेसाठी असलं तरी. गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी शहरातल्या बाजारात तेरड्याच्या जुड्या येतात, त्या घ्या. बागेत तेरडा हवा असेल तर रोपवाटिकेतून बी आणून जूनमध्ये टाका, तो सहज येतो. रंग तीन दिवसांचा असला तरी रोप दोन महिने फुलत राहतं.

त्र्यंबक रस्त्याच्या कडेला दिसणारी केशरी-पिवळी फुलं कोणती?

बहुतेक वेळा कॉसमॉस. मूळ मेक्सिकोकडचं झाड. बागेतून निसटलं आणि रस्त्याकडेनं पसरलं. दिसायला देखणं असल्यामुळे लोक त्याच्यात उभं राहून फोटो काढतात आणि तिथेच घोटाळा होतो. त्याचं बी सुईसारखं लांब असतं, टोकाला काटेरी आकडे. ते पायजम्याला, मोज्याला, पिशवीला अडकून थेट पठारावर पोहोचतं. गाजरगवताचं बी असंच बुटाच्या तळातल्या चिखलातून जातं.

म्हणून चढायला सुरुवात करण्याआधी पायथ्याशी दोन मिनिटं द्या. बुटांचे तळवे काडीनं खरवडा, मोजे आणि पायजम्याची टोकं झटका, बॅगेची बाहेरची खिशी उलटी करून पाहा.

ऑक्टोबरमध्ये त्र्यंबक, पेठच्या बाजूला शेतांमध्ये दिसणारा पिवळा रंग मात्र वेगळा. ती खुरासणी, तेलबियांचं पीक. रस्त्यावरून हवी तेवढी पाहा, पण बांध ओलांडून आत जाऊ नका. ते कुणाचं तरी उत्पन्न आहे.

कारवी कधी फुलणार?

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. सगळ्या डोंगरांवर ती एकाच वर्षी फुलत नाही. एक खोरं यंदा, शेजारचं दोन वर्षांनी असं चालतं. त्यामुळे ‘यंदा कारवीचं वर्ष’ हे वाक्य कोणत्या डोंगराबद्दल आहे ते विचारल्याशिवाय निघू नका. गावातल्या लोकांना विचारणं हा सर्वांत भरवशाचा मार्ग. कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या वापरणाऱ्यांना तिचं वय माहीत असतं. फुललेल्या कारवीवर मधमाश्यांची झुंबड असते. अंगावर अत्तर मारून जाऊ नका.

बरोबर काय घ्यावं?

खाचा असलेल्या तळव्यांचे बूट सगळ्यात आधी. सपाट तळव्याच्या चपलेनं ओल्या पायऱ्यांवर माणूस हमखास घसरतो. माणशी दीड ते दोन लिटर पाणी न्या. पठारावरच्या तळ्याचं पाणी पिण्यायोग्य धरू नका. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण पठारावर वाऱ्यानं छत्री उलटी होते आणि दोन्ही हात मोकळे लागतात. मोबाइलसाठी प्लास्टिकची झिप पिशवी, मोज्यांचा एक कोरडा जोड, थोडं मीठ-साखर.

आणि भिंग. सोनार वापरतात ते दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग फार महाग नसतं. सीतेच्या आसवाकडे त्यातून एकदा पाहिलंत तर बाकीचा हंगाम ते खिशातून बाहेरच राहील.

डबा न्या पण हातात पिशवी लटकवून नको. वाटेवरची माकडं पिशवीच्या आवाजानंच येतात. खाणं सॅकच्या आत, सॅकचे बंद लावलेले. हिसकावलं तर सोडून द्या, ओढाताण केली की चावा बसतो. रिकामी बाटली, केळीची सालं, वेफरचं पाकीट जे नेलं ते सगळं खाली आणा.

मोबाइलवर फुलांचा चांगला फोटो कसा येईल?

ढगाळ प्रकाश सगळ्यात चांगला. भर उन्हात पांढरी आणि पिवळी फुलं जळाल्यासारखी येतात. अशा वेळी स्वतःच्या किंवा सोबत्याच्या सावलीत फूल घ्या. मोबाइल फुलाच्या पातळीला आणा, वरून नको. वारा असेल तर एका मोठ्या फोटोपेक्षा दहा-बारा सलग काढा, त्यात एखादा स्थिर मिळतो. ओळख पटवायची असेल तर फुलाबरोबर पान, खोड आणि पूर्ण झाड असे किमान तीन फोटो हवेत. नुसत्या फुलावरून जाणकारालाही जात सांगता येत नाही.

दुर्मीळ वाटणाऱ्या झाडाचा फोटो टाकण्याआधी कॅमेऱ्यातली ‘लोकेशन’ची सोय बंद करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा झाकण्याचा पर्याय असतो, तो निवडा.

पाऊस आणि धुकं आलं तर?

धुकं येणारच, ते धरूनच चाला. पठार सपाट असल्यामुळे धुक्यात दिशा हरवते आणि कडा अचानक समोर येतो. दहा पावलांपलीकडचं दिसेना झालं की जिथे आहात तिथे थांबा. बहुधा अर्ध्या तासात पडदा सरकतो. मंदिर आणि पायऱ्यांची सुरुवात या दोन खुणा चढतानाच पक्क्या करून ठेवा, मोबाइलवर वाटेची नोंद चालू ठेवली तर आणखी चांगलं.

हवामान खात्यानं नाशिकच्या घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर निघूच नका. अशा वेळी प्रशासन वाट बंदही करतं. पायऱ्यांच्या नाळेतून पाणी उतरायला लागलं की दगड सुटतात. विजा चमकत असतील तर पठारावर उभं राहणं धोक्याचं, लगेच खाली उतरायला लागा.

साप, मधमाश्या?

साप आहेत. तो तुमच्या वाटेत येत नाही, तुम्ही त्याच्या गवतात जाता. वाटेवर राहिलात आणि दगडाच्या फटीत हात घातला नाही तर पुरेसं आहे. मधमाश्यांची पोळी कड्यांना असतात. धूर, दगड, फटाके आणि मोठ्यानं गाणी, यातलं काहीही नको.

आई-वडिलांना चढवत नाही. त्यांना काय दाखवता येईल?

पायथ्यापर्यंत गाडी जाते, आणि त्या रस्त्याच्या कडेलाही तेरडा, सोनकी, कवला दिसतात. त्र्यंबक–घोटी रस्त्यानं पहिनेच्या बाजूला गाडीतून उतरून दहा पावलांवर फुलं मिळतात, पण शनिवार-रविवारी तिकडे फिरकू नका. धबधब्यांच्या गर्दीत गाडीचं दार उघडायला जागा नसते.

रानफुलांचा हट्ट नसेल तर हिवाळा संपताना महापालिकेचा पुष्पोत्सव राजीव गांधी भवनात भरतो, साधारण फेब्रुवारीत. गुलाब, शेवंती, डेलिया, बोन्साय, सगळं डोळ्यांच्या पातळीवर मांडलेलं. तारखा त्या वर्षीच्या बातमीत पाहा, काही वर्षी तो झालेला नाही. गुलाब पाहायचे तर पहिल्या दिवशीच जा. उष्णतेनं दुसऱ्या दिवशी पाकळ्या सुटतात.

शाळेची सहल किंवा मोठा गट नेता येईल का?

आधी वन विभागाला कळवा आणि परवानगीबद्दल विचारा. पंधरा-वीसपेक्षा मोठा गट एकत्र नेऊ नका. वाट अरुंद आहे, मागची मुलं पुढे काय दाखवलं ते पाहायला बाजूनं गवतात शिरतात. दर आठ मुलांमागे एक मोठा माणूस आणि प्रत्येक तुकडीत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं तर निभावतं. ध्वनिक्षेपक खालीच ठेवा.

कासला जावं की अंजनेरीला?

कासचा विस्तार मोठा आहे, गालिचे अधिक सलग आहेत. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा २०१२ पासून समावेश आहे. पण नाशिकहून साताऱ्यापर्यंतच सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं, तिथून पुढे कास आणखी पंचवीस. हंगामात ऑनलाइन नोंदणी करावी लागते, रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते. शिवाय नोंदणी केलेल्या दिवशी नेमका पाऊस कोसळला तर हात हलवत परत. अंजनेरीला आज नाही जमलं तर परवा जाता येतं, आणि एकाच हंगामात तीन वेळा गेलं तर तीन वेगळी पठारं दिसतात. पहिल्यांदा फुलं ओळखायला शिकणाऱ्यानं घराजवळच्या पठारावरच शिकावं असं आमचं स्पष्ट मत आहे. कास नंतर पाहिलं तर दुप्पट कळतं.

हंगाम हुकला. आता?

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अजूनही सोनकी आणि कडांवरची काही फुलं मिळतात, आकाश निवळलेलं असतं आणि गिधाडं पाहायला हाच काळ बरा. दिवाळीनंतर गवत सुकतं आणि वणव्याचा धोका सुरू होतो, तेव्हा विडी-काडी, चूल, काहीही पेटवू नका.

अपघात झाला किंवा कुणी झाडं उपटताना दिसलं तर कुणाला सांगायचं?

रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर आपत्कालीन मदतीसाठी ११२. वनक्षेत्रातल्या गैरप्रकारासाठी वन विभागाची हेल्पलाइन १९२६. डोंगरात रेंज येते-जाते. फोन लागत नसेल तर पठाराच्या उघड्या भागात या आणि सांगताना ‘अंजनेरी किल्ला, त्र्यंबकेश्वर तालुका’ असं पूर्ण सांगा. शिवाय पायऱ्यांवर आहात, मंदिरापाशी की वरच्या टप्प्यावर, हेही सांगा.